रक्त पातळ करायची गोळी, जवसाची चटणी आणि सोयाबीन तेल: औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षांपासून औषधाचं दुकान चालवतो. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं येतात, महिन्याच्या गोळ्या नेतात आणि जाता जाता एखादा प्रश्न टाकून जातात. गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं हे ज्यानं लिहून दिली त्याचं काम. ती आत जाऊन काय करते, एवढं मी सांगू शकतो.

रक्त पातळ करायची गोळी खाल्ली की रक्तात पाणी वाढतं का?

नाही. हा शब्दच फसवा आहे. इकोस्प्रिन ही अशीच एक गोळी. ती खाणाऱ्याचं रक्त आणि न खाणाऱ्याचं रक्त शेजारी ठेवलं तर डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. दोन्ही सारखीच दाट.

सोयाबीनच्या सोंगणीत विळा बोटाला लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. रक्ताची धार लागते, माणूस बोट तोंडात घालतो, नाहीतर दुपट्ट्याची चिंधी गुंडाळतो, आणि पाच-सात मिनिटांत ते थांबतं. थांबवतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. रक्ताच्या एका थेंबापेक्षाही लहान, एका मायक्रोलिटरच्या मापात त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतलं कोलॅजन नावाचं प्रथिन उघडं पडतं. प्लेटलेट्स त्याला चिकटतात, फुगून काटेरी होतात आणि दोन निरोप सोडतात. एकाचं नाव एडीपी, दुसऱ्याचं थ्रॉम्बॉक्सेन ए-2. निरोप मिळाला की बाजूनं वाहणाऱ्या प्लेटलेट्सही चिकट होतात आणि फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांनी एकमेकींना बांधून घेतात. झाला गठ्ठा. त्यावर मग फायब्रिनचं पक्कं जाळं बसतं.

बोटावर हे झालं तर जीव वाचतो. हृदयाच्या नळीत चरबीचा थर तडकला आणि तिथे हेच झालं, तर अटॅक येतो. प्लेटलेटला बोट आणि हृदय यातला फरक कळत नाही. गोळी हा चिकटपणा कमी करते, रक्ताचा दाटपणा नाही.

इकोस्प्रिन 75 एवढीशी असते. तिनं काय होणार?

पुष्कळ. ती अ‍ॅस्पिरिनच आहे, डोकेदुखीसाठी पूर्वी घरोघरी असायची तीच. थ्रॉम्बॉक्सेन तयार करायला प्लेटलेटला कॉक्स-1 नावाचं एक विकर (एन्झाइम) लागतं. अ‍ॅस्पिरिन त्या विकराला कायमचं कुलूप लावते. बाकीच्या पेशी नवं विकर बनवून घेतात. प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला ते जमत नाही. ती आठ-दहा दिवसांचं आयुष्य तशीच काढते. अ‍ॅस्पिरिन स्वतः रक्तात फार टिकत नाही, पंधरा-वीस मिनिटांत निम्मी होते. पण कुलूप लागलेलं असतं. रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट्स नव्या येतात, त्यांच्यासाठी रोजची एक बारीक गोळी पुरते.

ही गोष्ट लक्षात आली तीही मजेशीर. 1950 च्या आसपास अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन घातलेलं च्युइंगम चघळायला देत. ज्यांनी जास्त चघळलं त्यांचं रक्त थांबेना. यावरून त्यांनी ताडलं की हीच गोळी हृदयात रक्ताची गाठ होऊ देणार नाही. तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. 1971 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन नेमकी कुठे काम करते ते दाखवलं, 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1988 मध्ये 17,187 रुग्णांवरच्या आयसिस-2 या चाचणीचा निकाल आला. अटॅकच्या वेळी अ‍ॅस्पिरिन सुरू करून महिनाभर दिली, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. काही पैशांच्या गोळीनं.

स्टेंट टाकल्यावर दोन-दोन गोळ्या कशाला?

निरोप दोन आहेत, म्हणून. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनचा निरोप थांबवते. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर एडीपीचा निरोप ऐकू येऊ देत नाहीत. स्टेंट म्हणजे हृदयाच्या नळीत बसवलेली धातूची जाळी, प्लेटलेटच्या लेखी ती परकी वस्तू. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत दोन्ही दारं बंद ठेवावी लागतात. साधारण सहा महिने ते वर्षभर, किती ते डॉक्टर ठरवतात.

क्लोपिडोग्रेलबद्दल एक गोष्ट. ती पोटात जाते तेव्हा निकामी असते, यकृतातलं एक विकर तिला कामाची करतं. आपल्याकडे बऱ्याच लोकांत ते विकर जन्मतःच मंद असतं. त्यात अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतली की ते आणखी अडतं. पँटोप्राझोलचा त्रास त्या मानानं कमी. त्यामुळे "गॅसची कोणतीही दे" असं क्लोपिडोग्रेलवाल्यानं म्हटलं की मी आधी चिठ्ठी मागतो. लोक चिडतात. चिडू द्या.

उन्हाळ्यात गोळी बंद ठेवली तर चालते का?

हा प्रश्न चैत्रापासून सुरू होतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या खेड्यातले एक काका दोन महिने गोळ्या न्यायलाच आले नाहीत. बाजारात दिसले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "ऊन काय तपून रायलं बाप्पा! रगत पातय असलं त चक्कर येते. मीनं बंदच केल्या." नागपुरात स्टेंट टाकून त्यांना चारच महिने झाले होते. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी हो-हो म्हटलं आणि गोळ्या काही सुरू केल्या नाहीत. आठ दिवसांनी रात्री छाती भरून आली, स्टेंट आतून बंद झाला होता. वाचले, पण हृदय अर्ध्यावर आलं. आता दोन एकरांच्या धुऱ्यापर्यंत चालतानाही थांबतात.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामानं शरीरातलं पाणी जातं आणि रक्त उलट घट्ट होतं. म्हणजे ज्या महिन्यात गोळीची गरज जास्त, त्याच महिन्यात ती बंद. हे सगळं त्या एका "पातळ" शब्दापायी. उन्हात चक्कर येते तिचं कारण बहुधा बीपीची गोळी आणि कमी पाणी हे असतं. त्यासाठी डॉक्टरांकडे जा.

कंबर दुखते, सोबत दुखण्याची गोळी घेतली तर?

इथे मी स्वतः चुकलो आहे. दुकान नवं होतं तेव्हा इकोस्प्रिन चालू असलेल्या एका मावशीला मी महिनोन्‌महिने रोज सकाळी घ्यायला आयबुप्रोफेन देत राहिलो. दोन्ही एकाच घोटात. पुढे वाचनात आलं आणि पोटात गोळाच आला.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, आयबुप्रोफेन तसं करते. कॉक्स-1 च्या ज्या जागेवर अ‍ॅस्पिरिननं कायमचं बसायचं, तिथे ही आधीच रुमाल टाकते. अ‍ॅस्पिरिन येते, जागा भरलेली बघते आणि तासाभरात रक्तातून निघून जाते. आयबुप्रोफेन मात्र काही तासांचीच प्रवासी, पुढच्या थांब्यावर ती उतरते. जागा रिकामी, प्लेटलेट पुन्हा चिकट, आणि माणूस समजतो आपली हृदयाची गोळी चालू आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2006 मध्ये यावर सूचना काढली: साधी अ‍ॅस्पिरिन आधी घ्या आणि आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासानं, किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर आठ तासांनी अ‍ॅस्पिरिन. पण आपल्याकडच्या 75 च्या गोळीवर बहुधा आवरण असतं, ती आतड्यात सावकाश विरघळते. तिला हे अर्ध्या तासाचं गणित लागू नाही.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शिवाय अशा दोन गोळ्यांनी जठराला जखम होऊन आत रक्त झिरपतं ते वेगळंच. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळीनंही काळी होते, पण ती अशी डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर दाखवाच.) अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी, तिचा प्लेटलेटला फारसा उपद्रव नाही.

अ‍ॅसिट्रॉम आणि इकोस्प्रिन एकच का?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. दोन्हींना लोक रक्त पातळ करायची गोळीच म्हणतात. इकोस्प्रिन प्लेटलेटवर काम करते. अ‍ॅसिट्रॉम प्लेटलेटला हातही लावत नाही. व्हिटॅमिन के वापरून यकृत रक्त गोठवणारी जी प्रथिनं बनवतं, ती ही गोळी कमी करते. कृषी केंद्रात मिळणारं ब्रोमाडिओलोनचं उंदराचं औषध याच कुळातलं. म्हणूनच अ‍ॅसिट्रॉमवाल्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ते, तपासावं लागतं, आणि पालेभाजीत व्हिटॅमिन के असल्यानं ती एक दिवस भाराभर आणि पुढे आठवडाभर बंद असं चालत नाही. इकोस्प्रिनवाल्यानं मेथी-पालक खुशाल खावा.

शेतातल्या माणसाला हा फरक साप चावल्यावरही लागतो. घोणस चावली का हे बघायला दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. घोणसीच्या विषानं रक्त गोठवणारी प्रथिनं संपून जातात, मग ते गोठत नाही. नुसती इकोस्प्रिन खाणाऱ्याचं रक्त त्या नळीत गोठतंच. अ‍ॅसिट्रॉमवाल्याचं मात्र उशिरा गोठू शकतं. तेव्हा विषावरच्या इंजेक्शनाआधी कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीची पट्टी खिशात असली तर सोन्याहून पिवळं.

सोयाबीन तेलानं रक्त घट्ट होतं म्हणतात. खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्ट अशी: सोयाबीन आणि सरकीच्या तेलात ओमेगा-6 म्हणजे लिनोलेइक आम्ल, त्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल, त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन, म्हणून तेल खाल्लं की गाठ. साखळीची प्रत्येक कडी खरी आहे. चूक आहे ती "म्हणून" या शब्दात. शरीर लिनोलेइकचं अ‍ॅराकिडोनिक फार हात आखडून करतं. तेल दुप्पट खाल्लं म्हणून रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक दुप्पट होत नाही, जवळपास हलतच नाही. दोन्ही तेलांत लिनोलेइक निम्म्याच्या आसपास. सोयाबीनमध्ये वर सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-3 सुद्धा आहे, सरकीत ते नावापुरतं.

तेव्हा सोयाबीन तेलाला शिव्या द्यायचं कारण नाही. आपण सोयाबीन पेरतो, मातीमोल भावानं विकतो आणि त्याचंच तेल पिशवीतून विकत आणतो, हे दुखणं निराळं.

मग डालडा, पाम तेल, तूप?

इथे जपून. फ्रान्समधले सर्ज रेनो यांनी शेतकऱ्यांचेच गट घेऊन बरीच वर्षं प्लेटलेट्स तपासल्या. जिथे जेवणात संपृक्त चरबी जास्त, तिथल्या लोकांच्या प्लेटलेट्स लवकर गोळा होताना दिसल्या. सगळ्या अभ्यासांचा सूर मात्र एक नाही. पाम तेलात चाळीस टक्क्यांहून जास्त पामिटिक आम्ल असतं, आणि बेकरीतली खारी, टोस्ट, नाक्यावरची भजी बहुतेक त्यातलीच. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, पूर्वीच्या डालड्यापेक्षा परिस्थिती बरी.

एकाच तेलकट जेवणाचाही परिणाम होतो. लग्नातली पंगत, सावजी रस्सा, वरून बोटभर तर्री: असं जेवल्यावर काही तास रक्तात चरबीचे कण तरंगतात आणि रक्त गोठवणारा सातव्या क्रमांकाचा घटक जागा होतो. त्या वेळी घेतलेलं रक्त नळीत ठेवलं तर वरचा थर दुधाळ दिसतो, लॅबवाल्या कोणालाही विचारा. तर्री पोहे मलाही आवडतात. अटॅक येऊन गेलेल्यानं वरची तर्री चमच्यानं काढून ठेवावी, एवढंच म्हणतो.

जवस खाल्लं तर गोळी कमी होईल का?

गोळी कमी होणार नाही. पण जवस खा, आणि का ते सांगतो, कारण हे आपलं पीक आहे आणि आपणच विसरलो.

माझ्या लहानपणी रब्बीत जवसाचं एक तरी तास (ओळ) असायचंच. निळ्या फुलांचं वावर सकाळी दहापर्यंत बघण्यासारखं, दुपारी फुलं गळून जायची. घाणीचं तेल काढायचं, ढेप गुराला. त्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3. इतकं देणारं दुसरं तेलबी आपल्या शिवारात नाही. शरीरात ते थोडंसं ईपीए या आम्लात बदलतं, शंभरातले काही मोजकेच भाग. ईपीए प्लेटलेटच्या पडद्यात अ‍ॅराकिडोनिकची जागा घेतं आणि त्यापासून बनणारं थ्रॉम्बॉक्सेन ए-3 पुचाट असतं. निरोप जातो, पण हळू आवाजात. प्लेटलेटवरचा हा परिणाम लहान आहे आणि सगळ्याच अभ्यासांत दिसलेला नाही. 1994 मध्ये फ्रान्सच्या लियों शहरातल्या चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या लोकांना अल्फा-लिनोलेनिक जास्त असलेला आहार दिला तेव्हा पुढचे झटके खूप घटले. पण त्या आहारात भाजी, फळं, डाळीही जास्त होत्या, श्रेय एकट्या ओमेगा-3 ला देता येत नाही.

आई करायची ती चटणी अशी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, झाकण हाताशी ठेवायचं, नाहीतर अर्धं चुलीत. भिवापुरी मिरची, लसणाच्या पाकळ्या, जिरं, मीठ, आणि उखळात कुटायचं. कुटणं महत्त्वाचं. अख्खा दाणा तुळतुळीत असतो, तो आला तसा पोटातून निघून जातो. मोठा चमचाभर, म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास कुटलेल्या जवसात दीड ग्रॅमपेक्षा थोडं जास्त ओमेगा-3 मिळतं. एका वेळी आठ दिवसांपुरतंच कुटा, लवकर खवट होतं. तेलही खवटतं, तळायला तर ते वापरूच नका.

मासे?

1970 च्या दशकात डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग ग्रीनलंडच्या एस्किमो लोकांत जाऊन राहिले. ती माणसं सील आणि मासे खात, त्यांच्या प्लेटलेट्समध्ये ईपीए भरपूर आणि बारीक जखमेतून रक्त थांबायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. जवसाला ईपीए बनवावं लागतं, समुद्राच्या माशात ते तयार मिळतं. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांतला रोहू, कटला, मरळ मिळतो. त्यात बांगड्या-तारळीइतकं ते नसतं, पण मटणापेक्षा केव्हाही उजवं. कढईभर तेलात तळलं तर हिशेब बिघडला.

लसूण, आलं, हळद रोज घेतो. गोळीऐवजी चालेल?

नाही. काचेच्या नळीत लसणाचा अर्क टाकला की प्लेटलेट्स खरोखर सुस्त होतात. ताटातल्या दोन पाकळ्यांनी तेवढं होत नाही, आणि माणसांवरच्या चाचण्यांत निकाल कधी असा, कधी तसा. स्वयंपाकात हवा तेवढा घाला. मात्र लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर ऑपरेशनच्या आधी सांगा.

खर्रा?

सोडा. तंबाखू प्लेटलेटला उलट चिथावते. सकाळी गोळी आणि दिवसभर खर्रा म्हणजे एका हातानं बांध घालायचा आणि दुसऱ्यानं फोडायचा.

दात काढायचा आहे, गोळी किती दिवस आधी थांबवू?

बहुतेक वेळा थांबवायची नसते. बोळा दाबून ठेवून रक्त थांबतं, थोडा वेळ जास्त लागतो. स्टेंटवाल्यानं तर दातासाठी स्वतःहून गोळी बंद करूच नये. मोठ्या ऑपरेशनसाठी पाच-सात दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण वर सांगितलंच: नव्या प्लेटलेट्स यायला तेवढे दिवस लागतात.

ताप आहे, डेंग्यू असेल तर?

डिस्प्रिन (हीही अ‍ॅस्पिरिनच), कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक काही नको. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी होतात, उरलेल्याही या गोळ्या निकामी करतात. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. हृदयासाठी इकोस्प्रिन आधीपासून चालू असेल तर ती ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

शेजाऱ्याला पन्नाशी ओलांडताच इकोस्प्रिन लावली. मीही सुरू करू?

अटॅक, रक्ताच्या गाठीनं झालेला पक्षाघात, स्टेंट यातलं काही झालेलं असेल तर तिचा फायदा पक्का आहे. काहीच झालं नसेल तर नाही. 2018 मध्ये निकाल आलेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत 19,114 धडधाकट वृद्धांना अ‍ॅस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. अ‍ॅस्पिरिननं फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढले. त्या शेजाऱ्याला काय आहे ते त्याच्या डॉक्टरांना माहीत. त्याची पट्टी उसनी आणू नका.

रात्री छातीत दुखलं आणि गाडी यायला तास असेल तर?

108 ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून सुमारे 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायची, अख्खी गिळायची नाही. म्हणजे 75 च्या चार गोळ्या. चावल्यानं ती लवकर कामाला लागते. पण तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्ताची गाठ आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

रिपोर्टवर "प्लेटलेट क्लम्प्स दिसले" असं लिहिलंय. रक्तात गाठी झाल्या का?

बहुतेक वेळा नाही. गाठी अंगात नसतात, नळीत झालेल्या असतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. थोड्या लोकांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात. मशीन दहा प्लेटलेट्सच्या गठ्ठ्याला एकही धरत नाही, आणि आकडा भलताच खाली येतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन धावत आला. प्लेटलेट्स 38 हजार. आईला ताप नाही, अंगावर डाग नाही, ती बाहेर बाकावर बसून शेंगा सोलत होती. मुलाच्या हातात पपईच्या पानांची जुडी. रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात तेच वाक्य होतं. लॅबमध्ये फोन करून निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घ्यायला सांगितलं आणि काचेवर डोळ्यांनी मोजून घ्यायलाही. संध्याकाळी आकडा आला 2 लाख 14 हजार. पपईची पानं माझ्या काउंटरवरच राहिली.